मादलेनला टेंगूळ का येत नाही?

प्रश्न : गेल्या महिन्यात शिंपल्याच्या आकाराच्या बारा खळग्यांचा पत्र्याचा साचा आणला आणि तेव्हापासून मादलेन या चिमुकल्या फ्रेंच केकचा मला नादच लागला आहे. दोन अंडी, साखर, मैदा व बिनमिठाचे बटर प्रत्येकी १०० ग्रॅम, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि एका लिंबाची किसलेली साल, असे माझे प्रमाण आहे. चव सुरेख येते. परंतु ज्या टेंगळावरून खरी मादलेन ओळखतात, ते काही येत नाही. मिश्रण कालवले की लगेच १८० अंशांवर भाजते. माझे काय चुकते?

प्रतिसाद १ : चूक त्या 'लगेच'मध्येच आहे. मिश्रण झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, साच्याला वितळलेल्या बटरचा हात फिरवून त्यावर मैदा भुरभुरावा आणि तोही गार करावा. ओव्हन मात्र २२० अंशांपर्यंत चांगला तापलेला हवा. खळग्याच्या उथळ कडा आधी शिजून घट्ट होतात, मधला जाड भाग तोवर गार आणि पातळच राहतो. मग त्यातली वाफ आणि वायू फुगू लागले की त्यांना वर उसळण्याखेरीज वाट उरत नाही. चार-पाच मिनिटांनी आच १८० वर आणावी. मिश्रण खळग्यात पसरू नये, मध्यभागी चमचाभर टाकून सोडून द्यावे.

प्रतिसाद २ : वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त बटर बदामी रंगावर येईपर्यंत कढवून पाहा, असे सुचवेन. जाता जाता एक गंमत : लोरेन प्रांतातील कॉमेर्सी गावात १७५५ साली स्तानिस्लास या पदच्युत पोलिश राजासाठी मादलेन नावाच्या दासीने हे केक ऐनवेळी करून दिले, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तरी बेकिंग पावडर तेव्हा नव्हतीच आणि मिश्रण रात्रभर मुरवायला सवडही नव्हती; तेव्हा राजाच्या ताटातल्या मादलेनही बहुधा तुमच्यासारख्याच सपाट असाव्यात!

प्रश्नकर्ती : काल रात्री मिश्रण ठेवले आणि आज सकाळी ओव्हनच्या काचेसमोर उकिडवी बसून राहिले. तिसऱ्या मिनिटापर्यंत मधोमध नुसता ओलसर खळगा दिसत होता, पाचव्या मिनिटाला तो फुगून वर आला. बारापैकी दहांना टेंगूळ आले, दोन साच्याला चिकटल्या. तिथे मैदा भुरभुरायचा राहिला होता. त्या दोन मी उभ्याउभ्याच संपवल्या.