सीमाभागातला रेडिओ: तुमच्या घरी कुठलं स्टेशन लागायचं?

निपाणीकर

गेल्या महिन्यात निपाणीला घरी गेलो होतो. माळा साफ करताना आप्पांचा रेडिओ सापडला, चामडी कव्हरवाला, त्याच्या पट्ट्याला अजून तंबाखूचा वास आहे. सेल घातले आणि काटा सवयीनं सांगलीवर नेला, १२५१ किलोहर्ट्झ. नुसती खरखर. मग घरातले एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, वायफाय सगळं बंद केलं आणि रेडिओ हातात धरून हळूहळू गोल फिरवला (आतली फेराइटची कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी आली की आवाज वाढतो, हे आप्पांनीच शिकवलेलं), तेव्हा कुठं लांब शेतातून कोणी बोलतंय इतपत ऐकू आलं. एफएमवर टाकला तर कोल्हापूर खणखणीत. पण तासभर ऐकलं तरी निपाणी, चिकोडी, संकेश्वर, एक नाव कानावर पडलं नाही, आणि एका स्टेशनवर निवेदिका पुण्यातल्या पावसाबद्दल बोलत होती, आमच्याकडं बाहेर कडक ऊन.

म्हणून हा धागा. निपाणीला स्वतःचं स्टेशन कधीच नव्हतं, पण धारवाड १९५० पासून होतं, सांगली १९६३ पासून, एक कन्नड एक मराठी, आणि दोन्हीकडून आवाज यायचा. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून चालते, तिला टेकडी आडवी येत नाही आणि राज्याची हद्दही नाही. एफएम सरळ रेषेत चालतं आणि डोंगराआड गेलं की संपलं. म्हणजे मीडियम वेव्ह गेली की सगळ्यात आधी तुटतो ते आपण, काठावरचे. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीनं जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करत आणलेत. जून २०२३ मध्ये तर पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्यांचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं, ओरड झाली तेव्हा थांबलं. पुण्यासाठी ओरडायला माणसं भरपूर आहेत. आपलं आपणच लिहायला पाहिजे.

घरी काय लागायचं, कोण ऐकायचं, कधी थांबलं, सगळं लिहा. शुद्धलेखनाकडं बघू नका.

शहापूरचा_माग

आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडं गल्लीत माग चालू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तरी प्रत्येक मागाच्या वर खुंटीला रेडिओ. बाबा म्हणायचे खटखट मनात बसते, मग तिच्यातनं गाणं वेगळं ऐकू येतं. आणि ते खरं होतं, मी स्वतः बारा वर्षं ऐकलंय.

सकाळी धारवाड. आमचं घर पक्कं मराठी, आज्जीला कन्नड बोलता यायचं नाही पण धारवाडच्या कन्नड बातम्या तिला कळायच्या, बाजारभाव तर पाठ. मी कन्नड शाळेत शिकलोच नाही, रेडिओवर शिकलो, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातनं. आज ऑफिसात कन्नड बोलतो तेव्हा लोक विचारतात तुम्ही धारवाडचे काय.

आणि गाणं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड आकाशवाणीचे संगीत सल्लागार होते, गंगूबाई हनगल हुबळीच्या, बसवराज राजगुरू तिथलेच, म्हणजे ज्यांना ऐकायला मुंबई-पुण्यात लोक तिकीट काढायचे ते आमच्या मागावर सकाळी फुकट. कुमार गंधर्वांचा जन्म तर आमच्या शेजारचा, सुळेभावीचा. बाबा शिकलेले चौथी पण तोडी राग लागला की मागाचा धोटा थांबवायचे. मालकाचं नुकसान व्हायचं, मालक काय बोलायचा नाही कारण तोही ऐकत असायचा.

आता गल्लीत माग कमी झाले आणि जे आहेत त्यांच्यावर मोबाइल लावलेला असतो, कानात वायर, प्रत्येकाचं वेगळं. पूर्वी एका टोकाच्या घरात सुरू झालेला ख्याल दुसऱ्या टोकापर्यंत चालत ऐकता यायचा, मध्ये एक शब्द चुकायचा नाही. मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

घाटमाथा_कणकुंबी

आमच्याकडं सांगली नीट लागायचीच नाही. आम्ही पणजीवाले. खानापूर तालुक्याचा हा कोपरा, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, त्यामुळं पणजीचं कोंकणी आणि मराठी दोन्ही, आणि हवा चांगली असली तर रत्नागिरी. रात्री आठनंतर तर काय काय लागायचं, मीडियम वेव्ह रात्री वरच्या थरावरनं परतून लांब जाते ना, मधेच तमिळ मधेच सिंहली मधेच अरबी, आणि खाली आमची पणजी दबून जायची. मग मामा अर्थिंगची वायर ओल्या मातीत अजून खोल खुपसायचा, वर बादलीभर पाणी ओतायचा.

एफएमचं आमच्याकडं विचारूच नका, चहूबाजूला डोंगर आणि जंगल. मोबाइलला रेंज घ्यायला अजून माळावर जावं लागतं. तुमच्याकडं एक गेलं तर दुसरं आलं, आमच्याकडं जे गेलं त्याच्या जागी काय आलंच नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट नसते तेव्हा जगात काय चाललंय ते जांबोटीहून बस आली की कळतं.

जुना_दुरुस्तीवाला

बेळगावच्या कॅम्पात दुकान होतं, ३१ वर्षं रेडिओ दुरुस्ती. तुम्ही सगळे आवाजाचं लिहिताय, मी यंत्राचं लिहितो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असायचा, "सांगली लागंना झालीय की हो, बघा जरा." बाकीची स्टेशनं लागतात का विचारलं तर ते माहीत नसायचं. दहातले सहा सेट नुसता डायलचा दोरा तुटलेले, तो बदलायला वीस मिनिटं. बाकी गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर) खराब, नाहीतर सेल फुटून स्प्रिंगा गंजलेल्या. दोरा बदलल्यावर मी काटा सांगलीवर लावूनच सेट परत द्यायचो. पुढंपुढं लोक यायचे, सेटमध्ये काहीच बिघाड नसायचा, स्टेशनच अंधुक झालेलं. त्यांना काय सांगणार. एका म्हाताऱ्या आजोबांना तीन वेळा सांगितलं, सेट चांगला आहे. चौथ्यांदा आले तेव्हा पैसे न घेता उघडला, ब्रशनं पुसला, परत दिला. त्यांचं समाधान झालं नाही, माझंही नाही. त्याच वर्षी दुकान बंद केलं.

संकेश्वरी_मिरची

मी यातल्या दुसऱ्या बाजूचा. शहरातल्या एका खासगी एफएमवर सहा वर्षं आरजे होतो, नाव लिहीत नाही. कसं होतं सांगतो, कारण लोकांना वाटतं आरजेंनाच गावाबद्दल बोलायचं नसतं.

लायसन्स शहराचं असतं. ते लिलावात घेतलेलं, पैसे जाहिरातीतनंच काढायचे. आणि जाहिरात देणारी मोठी कंपनी मुंबईत बसून "कोल्हापूर-सांगली-पुणे" असं एकत्र विकत घेते, तिला संकेश्वर म्हणजे काय माहीत नाही. आमच्या गावचा भांड्यांचा दुकानदार माझ्या ओळखीनं जाहिरात द्यायला तयार होता, पण दर शहराच्या हिशेबानं. त्याची महिन्याची मिळकत आणि आमचे दहा-दहा सेकंदांचे स्पॉट, मेळ बसेना. बातम्या आम्हाला स्वतः देता येत नाहीत, खासगी एफएमला फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा आहे. म्हणजे हिरण्यकेशीला पूर आला तर प्रशासनानं दिलेली सूचना तेवढी सांगायची, स्वतः बातमी द्यायची नाही.

२०११ च्या धोरणात कंपनीला आपल्याच स्टेशनांमध्ये देशभर नेटवर्किंग करायची सूट मिळाली. एकच शो मोठ्या शहरात रेकॉर्ड करायचा आणि सगळीकडं लावायचा. आमच्याकडं पहिल्यांदा रात्रीचा शो गेला, मग दुपारचा, २०२० च्या लॉकडाऊननंतर संध्याकाळचा पण. माझा संध्याकाळचा होता. शेवटच्या दिवशी मी संकेश्वर, गडहिंग्लज, निपाणी, कागल, हुक्केरी सगळ्यांची नावं घेतली, दोन गाण्यांच्या मध्ये. साहेबांनी टोकलं नाही, त्यांनाही जायचं होतं पुढच्या महिन्यात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३४ नव्या शहरांसाठी ७३० चॅनलच्या लिलावाला मंजुरी दिली. लहान गावांना स्टेशन मिळेल म्हणून लोक खूश होते. मला एवढंच म्हणायचंय की टॉवर गावात आला तरी बोलणारा माणूस गावात बसतो का ते बघा.

निपाणीकर

@संकेश्वरी_मिरची, त्या वर्षात मी गाडीत तुमचाच शो ऐकत असणार. हुक्केरीचं नाव एफएमवर ऐकलेलं मला आठवतंय.

कल्लोळ_यडूर

ऑगस्ट २०१९. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही एकदम. आमच्याकडं कल्लोळचा बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडचं यडूर तुटतं, ते दरवर्षीचंच, पण त्या साली पाणी गावात आलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, तिसऱ्या दिवशी टॉवर बंद, मोबाइल म्हणजे नुसती टॉर्च आणि चौथ्या दिवशी ती पण नाही. शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही शंभरभर माणसं आणि एका आज्जींच्या पिशवीत छोटा रेडिओ.

कोल्हापूर लागलं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटांवर आहे, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, ते आम्ही कान देऊन ऐकत होतो, कारण तिकडं सोडलेलं पाणी शेवटी आमच्याच दारात येणार. आमच्यातला एक पाटबंधाऱ्याचा रिटायर माणूस ते आकडे ऐकून बोटावर हिशेब करायचा, किती तासांनी इकडं चढणार. धारवाड लावलं तर बेळगाव जिल्ह्याचा उल्लेख, मलप्रभा, घटप्रभा, रामदुर्ग, गोकाक. पण कल्लोळला पाणी किती, कुठल्या रस्त्यानं बाहेर पडता येईल, आम्ही ऐकलं तेवढ्या दिवसांत कोणीच बोललं नाही. दोन राज्यांची स्टेशनं ऐकू येत होती आणि दोन्हीच्या नकाशात आम्ही कडेला. मी तक्रार म्हणून लिहीत नाही, त्या आकड्यांवरच आम्ही वेळेत वर चढलो. पण आमच्या बंधाऱ्याचं नाव घेणारा एक आवाज असता तर बायकामाणसं रात्री झोपली असती.

उगार_फॅक्टरी

छोटंच लिहितो. आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक आहे, पोस्टात दरवर्षी फी भरून तिकिटं चिकटवलेली. रेडिओ भंगारात गेला, पुस्तक ठेवलंय.

सहा_ड्युट्या

मी नैमित्तिक निवेदिका होते एका केंद्रावर. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही, मी शाळेत शिकवून करायचे. बसनं जायचं, पहाटेची सभा (प्रसारण) असली तर आदल्या रात्री. पत्रांचा गठ्ठा टेबलावर असायचा आणि मला सीमाभागातली पत्रं बाजूला काढायची सवय लागलेली. वेगळीच भाषा असायची, "आम्ही सगळी तुमचा कार्यक्रम ऐकूलालो", असं जसं बोलतात तसं लिहिलेलं, आणि मी ते सुधारून न वाचता तसंच वाचायचे. एकदा वरिष्ठांनी विचारलं, शुद्ध का करत नाही. मी म्हटलं सर, त्यांनी तसं लिहिलंय. ते काही बोलले नाहीत आणि पुढच्या वेळी त्यांनी स्वतः तसंच वाचलं.

नंतर सहक्षेपण, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आपल्याकडून लावणं, वाढत गेलं. संध्याकाळी आपण फक्त "आता मुख्य केंद्राकडे जाऊ या" म्हणायचं आणि फेडर (आवाजाचं बटण) वर करायचा. पत्रं येत राहिली आणखी दोन-तीन वर्षं. वाचायला वेळच उरला नव्हता. ती फाइल करून ठेवली होती मी, पुढं काय झालं माहीत नाही.

येळ्ळूरची_लेक

@सहा_ड्युट्या ताई, तुमचं वाचून रडायला आलं. तुमचंच केंद्र होतं का ते माहीत नाही, पण माझी आत्या फर्माईश पाठवायची. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, आणि गाण्याचं नाव एका ओळीत, बाकी सगळं कार्ड नावांनी भरलेलं. नुसतं आपल्या घरचं नाही. किणयेची नणंद, बेळगुंदीची मैत्रीण, कंग्राळीची जाऊ, बिजगर्णीचे मामा, कडोलीचा दीर. ज्यांची नावं घातली त्यांना निरोप जायचा की अमुक वारी ऐका. फोन नव्हते. दोन बहिणी सासरी वेगवेगळ्या गावात, एकाच वेळी चुलीपुढं बसून आपापली नावं ऐकायच्या, आणि पुढच्या जत्रेत भेटल्या की पहिलं बोलणं तेच, ऐकलंस काय गं.

आणि आमच्या गावाचं नाव तिथं बरोबर घ्यायचे. येळ्ळूर, ळ ला ळ जोडून. मागच्या वर्षी मी एका शहरातल्या एफएमवर फोन लावला होता, आत्याच्या पंच्याहत्तरीला गाणं लावा म्हणून. मुलगी गोड बोलली, पण येळ्ळूर तिला म्हणताच येईना, येलूर म्हणाली, मग म्हणाली, "मॅम, मी बेळगाव म्हणू का?" म्हटलं म्हण. आत्या रेडिओपुढं बसली होती. गाणं लागलं, नाव घेतलं, ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ही कोण दुसरीच असेल. आमचं गाव नाही सांगितलं."