एक्झिमासाठी जिभेखालचे अ‍ॅलर्जीचे थेंब: कोणी आपल्या मुलांना दिले आहेत का?

नमस्कार. लेक सात वर्षांची आहे, आम्ही ठाण्यात राहतो. तान्ही असल्यापासून तिला एक्झिमा आहे. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या आतल्या बाजूला कातडी जाड, काळपट झाली आहे. झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर, त्रास वाढला की स्टिरॉइडचं मलम, एरवी टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम), सगळं नेमाने चालू आहे. तरी मलम जरा कमी केलं की पुन्हा उसळतंच.

प्रिक टेस्टमध्ये (कातडीला हलकं टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी) धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) अ‍ॅलर्जी जोरदार निघाली, खाण्यातली एकही नाही. (दूध-अंडी बंद करा म्हणणाऱ्या नातेवाइकांना आता मी ठामपणे नाही म्हणते. वाढत्या वयात उगाच पथ्य कशाला?) अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली आहे. माइटचा अर्क अगदी थोड्यापासून सुरू करून रोज जिभेखाली द्यायचा, निदान तीन वर्षं. इंजेक्शनंही असतात, पण त्यात तीव्र रिअ‍ॅक्शनचा धोका जास्त, म्हणून दर वेळी अर्धा तास दवाखान्यात थांबवतात. शिवाय ही सुईला फार घाबरते.

मी वाचलं ते असं: २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) एक्झिमासाठी इम्युनोथेरपीचा पुरावा कमकुवत ठरला होता. २०२३च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी मात्र, मलमांनी आटोक्यात न येणाऱ्या मध्यम ते तीव्र एक्झिमात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला इम्युनोथेरपी द्यावी, अशी सशर्त शिफारस केली आहे. म्हणजे मलमं सुटणार नाहीत हे मला मान्य आहे. तिला रात्री सलग झोप लागली तरी खूप झालं.

ज्यांनी थेंब दिलेत त्यांनी कृपया सांगा: खाज कमी झाल्याचं साधारण किती महिन्यांनी जाणवलं? सुरुवातीला एक्झिमा वाढला का? तोंडात खाज किंवा ओठांना सूज आली तर डॉक्टरांनी डोस कमी केला की थेंब थांबवले? गावी जाताना बाटली थंड कशी ठेवलीत? आणि मध्येच सोडावं लागलं असेल तर का, तेही लिहा. फायदा न झालेल्यांचे अनुभवही मला तितकेच हवे आहेत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना होकार-नकार कळवायचा आहे.