‘रन’ म्हणजे पळणे? शब्दचर्चा

शेजारची आठवीतली मुलगी इंग्रजीचा गृहपाठ घेऊन आली होती. वाक्य साधं होतं: ‘हर फादर रन्स अ शॉप.’ तिनं वहीत लिहिलं होतं, ‘तिचे वडील दुकान पळवतात.’ खाली लगेच दुसरं, ‘द टॅप इज रनिंग’, आणि त्याचा अर्थ ‘नळ पळत आहे’. मी तिला म्हटलं, ‘अगं, दुकान पळवणारा माणूस चोर असतो, तिचे वडील दुकान चालवतात.’ त्यावर तिनं विचारलं, ‘काकू, मग चालवतात तर वॉक का नाही म्हणत?’

प्रश्न अगदी रास्त आहे. तिचं उत्तर शोधताना मी या शब्दात इतकी गुंतले की ते सगळं इथे मांडावंसं वाटतंय.

आधी शब्दाचा पसारा सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ पुन्हा तपासायला घेतला तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकारांचे नऊ महिने त्या एका शब्दावर गेले. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ज्या क्रियापदांनी फार छळलं त्यांची यादी दिली आहे, तिच्यातही ‘रन’ आहे. तेव्हा आठवीतल्या मुलीनं गोंधळावं यात तिची काहीच चूक नाही.

मूळ पाहिलं की निम्मा गोंधळ सुटतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाला पळणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ होतेच. त्याचं जर्मन भावंड ‘रिनेन’ तर आजही पाण्याच्या वाहण्या-झिरपण्यासाठीच वापरतात. म्हणून नळ रन होतो, नाक रन होतं, डोळ्यांतलं पाणी गालावरून रन होतं, तेव्हा तिथे कोणी पळण्याची उपमा दिलेली नसते. तो त्या शब्दाचा जुना, सख्खा अर्थ आहे. मराठीत तिथे सरळ ‘वाहणे’ येतं. सुती साडीचा रंग रन झाला तर मात्र आपण ‘वाहिला’ म्हणत नाही. रंग ‘जातो’, आणि बादलीतल्या दुसऱ्या कपड्याला ‘लागतो’.

मग यंत्रं आली आणि घड्याळ, इंजिन, गिरणी, कारखाना, कंपनी, सरकार असं सगळंच इंग्रजीत रन व्हायला लागलं. आणि नेमकं इथेच मराठी पळत नाही, चालते. घड्याळ चालतं, मिक्सर चालतो, दुकान चालतं, संसार चालतो, नाटक चाललं तर दोनशे प्रयोग होतात. गाडी हाकणारा चालक, कंपनी सांभाळणारे संचालक. एखादी गोष्ट घराण्यात ‘रन’ होते तेव्हा आपल्याकडे ती ‘चालत आलेली’ असते. माझ्या आजोळी मधुमेह असाच चालत आलाय. इंग्रजीच्या मनात गती म्हणजे पळ, मराठीच्या मनात गती म्हणजे चाल. आपण ज्याला ‘चालू’ म्हणतो त्याच्यात न थांबणं महत्त्वाचं आहे, वेग नाही.

ही जोडी मला सगळ्यांत छान सापडली ती बँकेच्या स्लिपवर. ‘करंट अकाउंट’मधला करंट आणि नोटांची ‘करन्सी’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या पळण्याच्या क्रियापदावरून आलेत. आपण त्यांना म्हणतो चालू खातं आणि चलन. तिकडचा पैसाही पळतो, इकडचा चालतो. नाणं खोटं निघालं तर ‘हे चालणार नाही’ असंच आपण म्हणतो ना?

निवडणुकीचं तर आणखी वेगळं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी रन करतो. ब्रिटनमध्ये त्याच कामाला तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपणही उभेच राहतो, नाही तर लढवतो, आणि हरलो की पडतो. ‘अमुक नेत्या अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असं भाषांतर मी छापील मजकुरात वाचलंय आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मराठीत पदासाठी धावणं म्हणजे त्या पदामागे हावरटपणे लागणं.

रेल्वेच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं बदललं. ‘गाड्या वीस मिनिटे उशिराने धावत आहेत’ हे बातमीतलं वाक्य मला पूर्वी इंग्रजी वाटायचं, कारण घरून निघताना आपण विचारतो ते ‘गाड्या चालू आहेत का?’ पण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ‘धावली’ हे आपण इतकं रुळवलंय की आता ते मराठीच आहे. शिवाय प्लॅटफॉर्मवर ‘रनिंगमध्ये उतरू नको’ हे आईनं मुलाला ओरडून सांगताना ‘रनिंग’ला दुसरा शब्द सुचतही नाही, आणि शोधूही नये.

क्रिकेटमध्ये दोन्ही शब्द सुखानं नांदतात. मैदानात मुलं ‘एक रन काढला’ म्हणतात, तो पुल्लिंगी. समालोचनात ती ‘एक धाव’ होते, स्त्रीलिंगी, आणि तिच्यामागून धावबाद, धावफलक, धावगती असा सगळा गोतावळा येतो. षटकाराला कोणी एक पाऊल पळत नाही तरी धावा सहा मिळतात. म्हणजे ‘रन’सारखाच आपल्या ‘धावे’नंही पळण्यापासून सुटून मोजण्याचा अर्थ घेतला.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आपल्याला वाटतं की ‘रन’ला शेकडो अर्थ आणि बिचारी ‘धाव’ एकाच अर्थाची. तसं अजिबात नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. सरड्याची कुंपणापर्यंत जाते तीही धाव, म्हणजे आवाका. सुई वर-खाली करत सरळ जाणारा टाका, ज्याला इंग्रजीत ‘रनिंग स्टिच’ म्हणतात, तो आपला धावदोरा. माझी आई गोधडी शिवायला बसायची तेव्हा आधी कडेनं मोठा धावदोरा घालून घ्यायची. जुनं लुगडं जमिनीवर ताणून, गुडघ्यानं दाबून, एका दमात सुईवर पाच-सहा टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा. तो ओढताना कापड जरा चुणतं, मग ती तळव्यानं ते सारखं करायची.

विहिरीवरची धाव तर मी लहानपणी स्वतः पाहिली आहे. मोटेच्या विहिरीच्या काठापासून बाहेरच्या बाजूला उतरत जाणारी, बैलांच्या खुरांनी घट्ट झालेली ती मातीची वाट. बैल धावेवरून खाली उतरत गेले की नाडा ताणून मोट वर यायची, थारोळ्यात धो-धो ओतायची, आणि बैल मागच्या पावलांनी पुन्हा काठाकडे सरकायचे. इंग्रजीतही जनावरांच्या ठरलेल्या वाटेला आणि कोंबड्यांना मोकळं फिरायला घातलेल्या जाळीच्या आवाराला ‘रन’च म्हणतात. एकमेकींना न विचारता दोन भाषा एकाच जागी येऊन थांबल्यात. मोटा गेल्या, पंप आले, आणि मोटेबरोबर हा अर्थही चाललाय. तो कोशात आहे म्हणून सुरक्षित आहे असं मला वाटत नाही. बोलण्यात यायला हवा.

बाकीचे वापर भराभर सांगते, कारण त्यांत फारसा पेच नाही. साखर ‘रन आउट’ झाली तर ती संपली. बाजारात कोणाला ‘रन इंटू’ झालात तर गाठ पडली. केसांतून बोटं ‘रन’ केली तर हात फिरवला, यादीवरून डोळे ‘रन’ केले तर नजर फिरवली. इंग्रजीत इथेही ‘रन’च येतो, पण आपल्याकडे ताप येतो, रस्ता नदीकाठानं जातो, पोट बिघडलं की जुलाब होतात. ‘रनिंग कॉमेंट्री’ला धावतं समालोचन आहेच. ‘ड्राय रन’ला मी रंगीत तालीम म्हणते, पण नाटकवाले म्हणतील की रंगीत तालमीत वेशभूषा, प्रकाश सगळं असतं, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथे नुसतं ‘एकदा करून बघू’ पुरतं. सुताराचा ‘रनिंग फूट’ मात्र आहे तसाच ठेवावा, लांबीवर मोजून पैसे लावायचे हे सगळ्यांना त्या शब्दानं कळतं.

एक ‘रन’ मला अजून सुटलेला नाही. बँकेवरचा. घाबरलेले ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला येतात तो ‘बँक रन’. मी आजवर ‘ठेवीदारांची झुंबड’ लिहीत आले. झुंबड म्हटली की शटरसमोरची गर्दी, हातात पासबुकं, आत-बाहेर ढकलाढकली डोळ्यांसमोर येते, आणि बऱ्याच वेळा चित्र तसंच असतं. पण ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, ते बहुतांशी फोन आणि संगणकावरून. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तिथे दारात झुंबड नव्हतीच, पैसाच पळत होता. ‘पैशांची पळापळ’ लिहून पाहिलं, ते हलकं वाटलं. ‘ठेवी ओढून घेणं’ यात घाबरणं येत नाही. नेमका शब्द सापडेपर्यंत मी अशा ठिकाणी ‘बँक रन’ असंच ठेवलंय.