मदत हवी आहे: ब्लॅक अँड व्हाइटची सुरुवात, आणि उन्हाळ्यात घरी रोल धुणे

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरचा. दिवाळीत चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहून आलो. त्यांना जाऊन (१९८९) इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या) फोटोंमधला तो गडद काळा डोळ्यांसमोरून हलत नाही. घरी येऊन वडिलांचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा कपाटातून काढला, नवा सेल टाकला आणि एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ३६ फोटोंचा रोल भरला.

मावशीकडे खापरावरचे मांडे चालले होते. ती दोन्ही हातांवर मांडा फिरवत कोपरापर्यंत नेते. इतका पातळ, की पलीकडचा उजेड त्यातून दिसतो. मला नेमकं तेच हवं होतं. तिच्या पाठीमागे अंगणाचं दार उघडं होतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मधोमध आणला आणि फोटो काढत गेलो. रोल मुंबईहून धुऊन आला, मांडा झकास, पण चेहरा पार अंधारात. मावशी म्हणाली, "मनं तोंड कोठे शे रे?" (माझं तोंड कुठे आहे रे?) फार वाईट वाटलं. तिचं वय झालंय, पुढच्या वर्षी तिच्याकडून मांडे होतील की नाही, सांगता येत नाही.

दुसरं, केळीच्या पानावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. फोटोत पान आणि मिरच्या एकाच राखाडी रंगाच्या! लेन्सवर लावायचा रंगीत फिल्टर घ्यावा का?

आणि रोल घरीच धुवायचा आहे, डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन). पण वैशाखात टाकीचं पाणी चटका देतं. २० अंश आणायचं कुठून? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (भुसावळहून):

भाऊ, मीटरने दारातला उजेड मोजला, चेहरा नाही. जवळ जाऊन चेहऱ्यावरच मीटर धरा. ते जमत नसेल तर चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात आपला तळहात मोजा आणि एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या. दार जरा जास्त उजळेल, ते चालतं. सावलीत जे निगेटिव्हवर उतरलंच नाही, ते नंतर कशानेही येत नाही.

लाल फिल्टरने मिरच्या उजळतील, पान गडद होईल. पण तो ३ स्टॉप खातो, स्वयंपाकघरात कॅमेरा हातात धरून जमायचं नाही. आधी पिवळा घ्या, ४९ मिमीचा. तो एकच स्टॉप घेतो आणि आभाळात ढग दिसू लागतात.

पाण्यासाठी माठ आहेच की! आदल्या रात्रीचं माठातलं पाणी घ्या, रसायनांच्या बाटल्या परातीत ठेवून भोवती बर्फ. एचपी५ला न पातळ केलेल्या डी-७६मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४वर आलं तर साडेपाचच्या आसपास. त्याहून गरम नको, वेळ फार कमी उरते आणि रोल डागाळतो. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवा. थंड रोल एकदम गरम नळाखाली धरला तर वरचा थर सुरकुततो.

मावशींचा फोटो मात्र वैशाखापर्यंत थांबवू नका. त्यांना दाराकडे तोंड करून बसवा आणि याच आठवड्यात काढा.