चुलींची दोस्तीतली स्पर्धा भरवायची तर चूल पास कशावर करायची?

काडीपेटी
अमेरिकेत ओरेगनमध्ये कॉटेज ग्रोव्ह म्हणून छोटं गाव आहे, तिथे अप्रोवेचो नावाची संस्था उन्हाळ्यात आठवडाभर चुलींचं शिबिर घेते. लोक येतात, पत्रे कापतात, विटा रचतात, आपापली चूल बनवतात, मग ती धूर मोजायच्या हुडखाली ठेवून पेटवायची. लाकूड किती गेलं, पाणी किती वेळात उकळलं, कार्बन मोनॉक्साइड किती, बारीक कण किती, सगळे आकडे सगळ्यांसमोर. स्पर्धाच, पण कुणी कुणापासून काही झाकत नाही, हरलेल्याने जिंकलेल्याच्या चुलीत डोकं घालून बघायचं आणि आपली सुधारायची असा मामला. रॉकेट चुलीची (एल आकाराच्या नळीत लाकूड जोरात जळतं ती) तत्त्वं मांडणारे लॅरी विनियार्स्की याच संस्थेशी जोडलेले होते.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे डोकी कमी आहेत का? आनंद कर्व्यांच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने फलटण भागात उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला, २००२ ला त्यांना अ‍ॅशडेन हा ऊर्जेच्या कामासाठीचा पुरस्कार मिळाला, चुलींवरही त्यांचं बरंच काम आहे. बंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्था) गॅसिफायर चुलींवर, म्हणजे जळणातून निघणारा वायू जाळणाऱ्या चुलींवर काम केलं. पण सरकारी सुधारित चुलीचा कार्यक्रम बघा, १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ ला केंद्राने हात काढून घेईपर्यंत देशभर ३ कोटींच्या वर चुली बसवल्या, आणि आज गावात त्यातल्या किती दिसतात सांगा. कारण डिझाइन वर ठरायचं आणि खाली फक्त वाटप व्हायचं. त्यापेक्षा तालुक्याला दोन दिवस स्पर्धा घ्या. आयटीआयची पोरं, कुंभार, वेल्डर, बचत गट, कुणीही यावं. सगळ्यांना एकाच ढिगातलं लाकूड, एकाच मापाचं भगुलं, ५ लिटर पाणी आणि एक डिजिटल काटा. बक्षीस नारळ आणि टॉवेल-टोपी, जास्त नको, पैसे आले की लोक डिझाइन लपवायला लागतात.

माजघर
परत पाणीच उकळा! अहो पाणी उकळायला आम्ही चूल पेटवतो का? भाकरीला तव्याखाली जाळ सगळीकडे सारखा लागतो, मधोमध एकच झोत आला की मधे करपते आणि कडा कच्च्या. मग ती तव्यावरून काढून तोंडाशी निखाऱ्यावर उभी करायची तेव्हा फुगते, तुमच्या त्या रॉकेटला निखारे ओढायला जागाच नसते. आणि वैलावर आमटी मंद ठेवायची असते ते वेगळंच. तुमचं ५ लिटर पाणी बारा मिनिटांत उकळो नाहीतर वीस, सासूबाई विचारणार भाकरी अशी का झाली.

काडीपेटी
@माजघर मान्य, आणि ही तक्रार तुमची एकटीची नाही, चाचणीवर काम करणारेही हेच म्हणतात. पाणी उकळून चूल जोखायच्या जुन्या चाचणीत अजून एक गंमत होती, उकळी आल्यावर ४५ मिनिटं मंद ठेवायचं, आणि जी वाफ उडाली तीही चुलीच्या कमाईत धरायची. म्हणजे जी चूल मंद होतच नाही, ढणाढणा जळत राहते, ती कागदावर भारी! म्हणून तर भाकरीची फेरी वेगळी ठेवू. १ किलो पिठाच्या भाकऱ्या, जळण किती गेलं ते मोजायचं, आणि भाकरीला मार्क बायका देतील.

सिलिंडर_झिंदाबाद
सगळं वाचलं आणि डोकं गरम झालं. हायवेला ‘चुलीवरचं मटण’चे बोर्ड लावून शहरातल्या लोकांनी चुलीचं कौतुक केलं तेवढं बास झालं नाही का? डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या धुरापायी जगात ३२ लाख माणसं गेली. आणि सुधारित चुलीने फरक पडतो म्हणता, तर आफ्रिकेतल्या मलावीत मोठी चाचणी झालीये, १० हजारांच्या वर लहान मुलं, निम्म्या गावांना पंख्याने हवा सोडणाऱ्या चुली दिल्या, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मुलांच्या न्यूमोनियात फरक शून्य. ओडिशात २६०० च्या आसपास कुटुंबांचा चार वर्षं अभ्यास झाला, पहिल्या वर्षी धूर कमी, नंतर पहिले पाढे पंचावन्न, कारण धुराडं साफ कोण करणार, चीर बुजवणार कोण. तुमची नारळ-टोपीची स्पर्धा यातलं काय सोडवणार? जो वेळ घालवायचा तो गॅस स्वस्त करा म्हणून मागणी करण्यात घालवा. गरिबाने चांगल्या चुलीवर धूर खावा आणि आपण गॅसवर चहा करत त्याला मार्क द्यावेत, हे मला पटत नाही, सॉरी.

वऱ्हाडची_पराटी
@सिलिंडर भाऊ, गॅस आमच्याही घरी आहे, उज्ज्वलाचा. २०२२-२३ ला उज्ज्वलावाल्यांनी वर्षात सरासरी ४ सुद्धा सिलिंडर भरले नाहीत, हा सरकारनेच दिलेला आकडा आहे. पाच माणसांचं वर्ष चार सिलिंडरात काढून दाखवा अन मग बोला. चहा अन पाहुणा गॅसवर, बाकी सगळं पराट्यांवर (कापसाची वाळलेली झाडं).

पण @काडीपेटी तुमचं पण काही खरं नाही. एकाच ढिगातलं लाकूड म्हणता, कोणतं लाकूड? सुकलेली बाभूळ एकसारखी फोडून ठेवली तर कोणतीही चूल चांगली चालते. आमच्याकडे कापसाच्या पराट्या, तुरीच्या तुराट्या, दोन मिनिटात भडकते अन विझते, सारखं तोंडाशी बसून सारावं लागते. गोवरी घातली तर वेगळाच खेळ. तुमची फलटणची विजेती चूल यवतमाळात नापास होईल, लिहून घ्या.

थर्मोत_एटीकेटी
इथे सगळे भाकरीवर अडकलेत, माझं जरा वेगळं आहे. ज्या घरात गॅस आलाय तिथे चूल कशाला पेटते ते बघा. सकाळी आंघोळीचं पाणी! आणि गुरांचं आंबोण. म्हणजे माजघरताई ज्याला हसल्या ती पाण्याची चाचणीच आज सगळ्यात खरी चाचणी आहे, फक्त ५ लिटरचं भगुलं नको, बंब किंवा हंडा घ्या.

हिशोब करतो. एक बादली १५ लिटर, पाणी ३० डिग्रीने तापवायचं, म्हणजे साधारण १.९ मेगाज्यूल. वाळलेल्या लाकडात किलोला १५ च्या आसपास धरा. सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर सव्वाशे ग्रॅम लाकडात काम झालं असतं. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १५ टक्के धरली तर ८४० ग्रॅम. ३० टक्क्यांची चूल असेल तर ४२० ग्रॅम. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोज २ किलो वाचले, महिन्याला ६० किलो, आणि तेवढी मोळी डोक्यावरून कुणीतरी कमी आणली. हे काही लहान नाही हो.

आणि उघड्या चुलीत लाकूड नीट जळत नाही असा लोकांचा समज असतो, तसं नाहीये. जळणातली नव्वद टक्के ऊर्जा जळून बाहेर पडते, धूर होतो तो उरलेल्या थोडक्यातून. खरी नासाडी भांड्याच्या बाजूने निसटणाऱ्या गरम हवेत. म्हणून भांड्याभोवती पत्र्याचं कडं बसवून एखाद्या सेंटिमीटरची फट ठेवली तरी आकडा उडी मारतो.

निखारा_कोल्हापूर
माझी आजी सांगायची जाड मातीची चूल धग धरून ठेवते म्हणून लाकूड कमी लागतं. जुनी माणसं वेडी नव्हती. तुमचे हे पत्र्याचे डबे दोन पावसाळ्यात सडतात.

थर्मोत_एटीकेटी
@निखारा धग धरते ना, पण ती धग भगुल्यात जायला हवी होती, भिंतीत नाही. जाड माती तापायलाच बराच जाळ जातो. उष्णता अडवायला हलकी, हवा भरलेली वस्तू लागते, भाताच्या तुसाची राख नाहीतर भुसा घालून भाजलेली हलकी वीट. दिवसभर चूल पेटती असेल (लग्नघर, खाणावळ) तर जाड माती एकदा तापली की मग तितका तोटा नाही, तुमच्या आजीच्या काळात घरं मोठी होती, चूल विझायचीच नाही, तेव्हा बरोबरच होतं त्यांचं. पत्रा सडतो हे मात्र १०० टक्के खरं, आतला भाग तर आधी जातो.

माजघर
आंघोळीच्या पाण्याचं पटलं मला. भाकरी गॅसवर होते आमची, उगाच खोटं कशाला बोलू, पण बंब रोज पेटतो.
एक अट मात्र घाला. ज्याने चूल बनवली त्याने ती पेटवायची नाही. तो बसणार समोर, एकेक काडी मापात सारणार, फुंकर घालणार, आकडा भारीच येणार. आमच्याकडे चूल पेटवून माणूस शेण काढायला जातो. तशीच पेटवा, दुसऱ्याच्या हातून, आणि मग मोजा.

काडीपेटी
ही अट सोन्यासारखी आहे, एकदम मान्य. चिठ्ठी टाकून दुसऱ्याची चूल पेटवायची, प्रत्येक चूल निदान तीन वेळा, कारण एकाच चुलीचे लागोपाठचे आकडेसुद्धा जुळत नाहीत, वारा बदलला की खेळ बदलतो. जळणाचं पण @पराटी म्हणतात तसं, प्रत्येक तालुक्याने आपलं जळण ठरवायचं, विदर्भात पराट्या, कोकणात जे मिळेल ते.

@सिलिंडर तुमचा मलावीचा आणि ओडिशाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण ते वाचून मला उलटंच वाटतं. दोन्हीकडे डिझाइन बाहेरून ठरून आलं होतं, आणि ओडिशात तर देखभालच मागे पडली. ज्या वेल्डरने ती स्पर्धेत स्वतः बनवली आणि हरल्यावर परत बनवली तो गावातच राहतो ना. पेलेटवर (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या) चालणाऱ्या चुलींचं पण तेच झालं, चूल उत्तम, धूर जवळपास नाही, पण पेलेटचा भाव चढला आणि लोकांनी ती माळ्यावर टाकली.

सिलिंडर_झिंदाबाद
वेल्डर गावात राहतो पण फुकट येत नाही. आणि ‘धूर कमी’ म्हणजे किती कमी हे कोण मोजणार? लाकूड काट्यावर मोजाल, बारीक कण मोजायचं यंत्र तालुक्याला आहे का? जळण निम्मं लागतं म्हणून धूरही निम्मा झाला असं नसतं, आणि निम्मा झाला तरी फुप्फुसाला पुरेसा नाही. त्यामुळे स्पर्धेचं नाव ‘जळण बचत’ ठेवा, ‘आरोग्य’ हा शब्द बॅनरवर नको. एवढं केलंत तर मी विरोध करणार नाही.
आणि माझा एक स्टॉल लावू द्या. सोलर हीटर. बंबाच्या शेजारी ठेवा, त्याच १५ लिटरवर. लाकूड शून्य ग्रॅम.

काडीपेटी
सोलर चालेल, फक्त मग स्पर्धा जुलैत भरवू आणि तीही महाबळेश्वरला 😄

वऱ्हाडची_पराटी
मस्करी सोडा, खरंच पावसाळ्यातच घ्या. उन्हाळ्यात सगळ्याच चुली शहाण्या असतात. सरपण दमट, पराट्यांना बुरशी, अंगणात पाणी, तेव्हा जी एका काडीत पेटते ती चूल मी विकत घेईन. किती रुपयाला पडेल ते पण काट्याशेजारी लिहून ठेवा, त्याचे मार्क कुणी धरलेच नाहीत आतापर्यंत.