हॉकिन्सची 'बॉडी अँड सोल' (१९३९): उदास रेकॉर्ड की नुसती ऐट?

पट्टीवाला
टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॅझवाल्या कोलमन हॉकिन्सची ११ ऑक्टोबर १९३९ ची ही रेकॉर्ड लोक कायम "रात्रीची, एकटेपणाची" म्हणून शेअर करतात, मला ते अजिबात पटत नाही. लय संथ आहे, मान्य. पण की (पट्टी) डी फ्लॅट मेजर, म्हणजे आपली पेटीवरची काळी एक, मायनर (उदास समजली जाणारी) नव्हे. मूळ चाल तो सुरुवातीच्या थोड्या बारांत (मात्रांच्या गटांत) जेमतेम दाखवतो आणि सोडून देतो, मग तीन मिनिटं नुसता एकेका कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) आत शिरून बघत बसतो. माणूस पाच वर्षं युरोपात राहून त्याच वर्षी परतलेला, इकडे तोवर टेनरवर लेस्टर यंग या दुसऱ्या वादकाचा बोलबाला, मग काय, मी अजून आहे हे वाजवून दाखवलं. यात रडगाणं कुठंय?

खर्ज
मेजर म्हणजे आनंदी हे कुठून आणलंत? या गाण्याचा पहिला कॉर्डच ई फ्लॅट मायनर आहे, 'सा' मिळायला तिसरा बार उजाडतो. तुमची काळी एक कागदावर, कानाला आधी मायनरच येतो.

रात्रपाळी
मला की वगैरे काही कळत नाही पण उदासच आहे, बास. मूळ १९३० च्या गाण्याचे शब्दही एकतर्फी प्रेमाचेच आहेत ना.

पट्टीवाला
@रात्रपाळी अहो पण या रेकॉर्डवर कोणी गातच नाहीये! शब्द तुम्ही घरून घेऊन आलात.

काळी_पाच
दोन्ही बाजू की वरून भांडताय तेच मुळात चुकतंय. आपल्याकडे पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते, काळी एकला यमन गा नाहीतर पांढरी चारला गा, यमन तो यमनच. त्यामुळे डी फ्लॅटला स्वतःचा मूड असतो हे मला थोतांड वाटतं. खरी गंमत मधल्या आठ बारांत आहे, तिथे 'सा'च सरकतो, आधी अर्धा सूर वर पांढरी दोनला, मग खाली पांढरी एकला, आणि तिथून घसरत परत सुरुवातीच्या मायनरवर. ख्यालात आपण असा सा हलवत नाही (मूर्च्छना, म्हणजे दुसऱ्याच सुराला सा मानणं, दाखवतात ते क्षणभर, ते वेगळं), म्हणून आपल्या कानाला तिथे आधार सुटल्यासारखा होतो आणि आपण त्याला उदास म्हणून मोकळे होतो.

रीड_नंबर_तीन
टेनर वाजवतो म्हणून सांगतो. टेनर बी फ्लॅटचं वाद्य, लिहिलेल्यापेक्षा खाली वाजतं, त्यामुळे डी फ्लॅट आमच्या कागदावर ई फ्लॅट होतो, बोटांना सोयीचा. मधल्या भागात अचानक चार शार्पचा (चार चढ्या सुरांचा) ई, मग दोन शार्पचा डी. भल्याभल्यांची तिथे तारांबळ उडते आणि हा बाबा तिथून असा जातो की सांधा कळत नाही. आणि लय संथ संथ काय लावलंय, पियानो, बेस, ड्रम्स संथ चालतात, हॉकिन्स वर बऱ्याचदा दुगुणीत असतो. दोन कोरस (गाण्याची पूर्ण दोन आवर्तनं), चौसष्ट बार, त्यात सूर किती कोंबलेत ते एकदा लिहून काढायला बसा.

खर्ज
दुगुणीत वाजवलं म्हणून उदासी जाते होय? घाईघाईत बोलणारा माणूस दुःखी नसतो का.

काळी_पाच
अजून एक, ऑनलाइन फिरणाऱ्या क्लिपा जपून ऐका. अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीचा वेग साधारण सहा टक्के वाढला तर सगळं अर्धा सूर चढतं, काळी एकची पांढरी दोन होते, लयही वाढते. मग कुणाला ती तरतरीत वाटली तर नवल नाही. भांडणाऱ्या दोघांनी आधी एकच क्लिप ऐकलीय का बघा.

रात्रपाळी
मी बरोबर वेगाची ऐकलीय, काळजी नसावी. दुसऱ्या कोरसमध्ये बाकीचे मागे लांब सूर धरतात आणि तो वर वर चढत जातो ना, तिथे मला तो खूश माणूस वाटत नाही. पट्टीवाले, तुम्हाला तिथे काय ऐकू येतं ते सांगा, युरोप आणि लेस्टर यंग नको.

पट्टीवाला
तिथे मला सम गाठायला निघालेला, पूर्ण तयारीचा वादक ऐकू येतो. आवाज मोठा होतो, सूर जाड होतो, रडणाऱ्याचा आवाज असा भरत नाही. आणि अमेरिकेत लोकांनी ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून टाकून ही ऐकली, चाल जवळपास नसलेली रेकॉर्ड! ते सगळे काय रडायला नाणी टाकत होते?

खर्ज
हो. ज्यूकबॉक्स त्यासाठीच असतो.