शब्दचर्चा : दवबिंदू – रोप कोणतं, औषध कोणतं?

रानवाट : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेसाठी पावसाळी फुलांचा तक्ता करतोय. जांबोटी-कणकुंबीकडच्या सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या) चिकट, लालसर रोपाखाली ‘दवबिंदू, खोकल्यावर औषधी’ असं लिहावं का?

जांभा : पहिला शब्द ठेवा, पण कोणता दवबिंदू तेही लिहा. ‘ड्रोसेरा बर्मानी’ जमिनीला चिकटलेला असतो, नाण्याएवढा, चमच्यासारख्या पानांचा. ‘ड्रोसेरा इंडिका’ उभा वाढतो, पानं दोऱ्यासारखी, कोवळी असताना टोकाशी गुंडाळलेली. याला ‘गवती दवबिंदू’ म्हणतात. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला डिंकासारखा थेंब असतो. खरं दव ऊन चढलं की उडतं, हा थेंब दुपारीही तसाच.

शब्दखूण : ‘कीटकांवर जगणारी वनस्पती’ असं मात्र लिहू नका. पानं लालसर दिसली तरी त्यांत हरितद्रव्य असतं, अन्न उन्हातूनच तयार होतं. जांभ्यावरच्या पातळ, धुपलेल्या मातीत नत्र आणि स्फुरद कमी, ती तूट किडे भरून काढतात. ‘कीटकभक्षी’ पुरे. ‘मांसाहारी’ म्हटलं की पोरं जबडा शोधतात. ‘दलदलीतली’ हेही इथं बसत नाही. सड्यावर चिखल नसतो, पाणी झिरपत असतं. ‘पाणथळ कातळावरची’ म्हणा.

काढा-चाटण : खोकल्याची ओळ काढून टाका. युरोपात डांग्या खोकल्यावर वापरायचे तो ‘ड्रोसेरा रोटुंडिफोलिया’, होमिओपॅथीतला ‘ड्रोसेरा’ही त्याचाच. तो सह्याद्रीत नाहीच. नाव एक म्हणून गुण इथल्या रोपाला चिकटवलेत. आपल्याकडच्या ग्रंथांत येते ती ‘मुखजली’, म्हणजे ‘ड्रोसेरा पेल्टाटा’. पान अर्धचंद्री, मातीत बारका कंद. सुवर्णभस्माच्या कृतीत हिचा उल्लेख मिळतो. ठेचून मीठ घालून बांधली की कातडीवर फोड येतात, जुने लोक फोड आणण्यासाठीच वापरायचे.

फोड येतात ते या कुळातल्या प्लंबाजिनसारख्या दाहक द्रव्यांमुळे. चित्रक या औषधी झुडपाच्या मुळातही प्लंबाजिनच. ते वाफेबरोबर उडतं, त्यामुळे उघड्या भांड्यात काढा उकळत ठेवला तर किती उरलं ते कळत नाही. अर्क थंड काढला तर तीव्रता किती, तेही घरी मोजता येत नाही. म्हणून ‘चिमूटभर’, ‘एक चमचा’ अशी मात्रा कुणी सांगितली तरी छापू नका.

आणखी एक अडचण. चिकामुळे पानांना वाळू, मुंग्यांचे पाय, चिलटांचे पंख चिकटलेले असतात, धुतले तरी सगळे निघत नाहीत. चूर्णात तेही येतं!

जांभा : शिवाय सड्यावरचे दोन्ही दवबिंदू, ‘बर्मानी’ आणि ‘इंडिका’, वर्षायू, म्हणजे एका हंगामात संपणारे. बी पडण्याआधी उपटलं की त्या जागी पुढच्या पावसात उगवेलच असं नाही. दहा ग्रॅम सुकं चूर्ण करायला शेकडो रोपं लागतील.

रानवाट : मग ओळ अशी करतो : ‘गवती दवबिंदू. पाणथळ कातळावरची कीटकभक्षी वनस्पती. उपटू नये.’ शेजारी निळ्या-जांभळ्या फुलांचं ‘सीतेचं आसू’ आहे, ते बरोबर?

शब्दखूण : एकच फूल असलं तरी ‘सीतेची आसवं’ असंच म्हणतात. ‘आसवं फुललीत’, अनेकवचनी. तीही कीटकभक्षी, पण सापळा फुलात नाही. ओल्या मातीत दडलेल्या बारीक फुग्यांत असतो. चित्रात मातीखालचा भाग दाखवा, नाहीतर पोरं फुलात किडे शोधत बसतील.